गाडगिळांना शिव्या घालण्याआधी गावची वही उघडा

संपादक महोदय,


बिबट्यांवरच्या आपल्या पानभर मजकुराशेजारी गेल्या आठवड्यात दोन वाचकपत्रे होती. एकाने लिहिले होते की, गाडगीळ अहवालाचे गोडवे गाणाऱ्यांनी बिबटे आपापल्या बंगल्यात पाळावेत. दुसऱ्याने माधव गाडगिळांना ऋषी ठरवून हात जोडले होते. मी आंबेगाव तालुक्यात ऊस लावतो, रात्रीच्या लायटीवर पाणी भरतो आणि माझ्या दोन शेळ्या वाघाने नेल्या आहेत. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.) त्यामुळे पहिल्या पत्रातला राग मला परका नाही. पण गाडगिळांनी लिहिलेले या दोघांपैकी कुणीच वाचलेले दिसत नाही.

आमच्याकडचा बिबट्या अहवालातून आलेला नाही, तो कालव्यातून आला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणे झाली, पाणी फिरले, जिरायती रानात वर्षभर उभा राहणारा ऊस आला. लपायला फड, प्यायला पाणी, खायला कुत्री, शेळ्या, कोंबड्या. उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारणच नाही. मग २००१ पासून जुन्नर वन विभागात धरलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. २९ बिबटे सरासरी साडेएकोणचाळीस किलोमीटरवर नेऊन सोडले होते. त्याआधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, नंतर ते १७ झाले. हे संशोधन छापून येऊनही कितीतरी वर्षे लोटली, तरी दर घटनेनंतर आपली मागणी तीच असते, 'उचला आणि लांब सोडा'. लांब म्हणजे कुणाच्या तरी दारातच ना? शिरूरच्या पिंपरखेडमध्ये माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यांना कुणी हे आकडे आधी नीट समजावून सांगितले होते का?

आता गाडगीळ. १९४२ साली पुण्यात जन्म, वडील धनंजयराव सहकारी चळवळीतले अर्थतज्ज्ञ, पीएच.डी. हार्वर्डची, नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. ही यादी मोठी आहे, पण मला त्यांची ओळख पटली ती बांबूच्या गोष्टीतून. कारवारकडच्या जंगलात कागद गिरणीला बांबू पुरेना. दोष गावकऱ्यांवर आला, त्यांची गुरे कोंब खातात म्हणून. तोडणी सोपी व्हावी यासाठी बेटाच्या बुडाचा काटेरी गुंता साफ करायचा, असा वनखात्याचा शास्त्रीय शिरस्ता होता. गावकरी म्हणाले, काटे काढता म्हणूनच गुरांचे तोंड कोंबापर्यंत पोचते. गाडगिळांनी हे हसण्यावारी नेले नाही, की गावकरी बोलले म्हणून डोळे झाकून मानलेही नाही. प्रत्यक्ष बेटे मोजली. गावकरी बरोबर निघाले.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास त्यांनी केला तोही याच रीतीने. आपल्या आहुप्याची देवराई ज्याने पाहिली असेल त्याला कुंपण आणि रखवालदार नसताना झाड कसे टिकते, हे वेगळे सांगायला नको.

त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल याच स्वभावाचा होता. संवेदनशीलतेच्या तीन पातळ्या, आणि सीमा कुठे व बंधने कोणती याचा शेवटचा विचार ग्रामसभांनी करायचा. प्रत्यक्षात लोकांपर्यंत पोचले ते एवढेच, की 'गाडगीळ आले की घर बांधता येणार नाही'. नंतर कस्तुरीरंगन गटाने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सदतीस टक्क्यांवर आणले, अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. त्याच्या आदल्या दिवशी वायनाडचा डोंगर खाली आला होता. आणि त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ ला, आमच्या तालुक्यातले माळीण. दीडशेवर माणसे गेली. रोजच्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा तालुक्याला कळले. त्यानंतर काहींनी चटकन पडकईला दोष दिला. ज्यांनी पडकई केली आहे त्यांना विचारा. दहा घरे मिळून एकमेकांच्या रानात दगड रचून, हाताने, थोडीथोडी खाचरे करण्याची ती रीत आहे. डोंगराच्या अंगावर यंत्र घालून एका उन्हाळ्यात उतार सपाट करणे हे वेगळे काम आहे. दोन्हींना एकच नाव देणारा कागद शहरात बसूनच लिहिला जाऊ शकतो.

शहरात बसून लिहिलेल्या अशा कागदांवर गाडगिळांनी सुचवलेला उपाय अगदी साधा होता, लोकांची जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती आलीही. वर्षानुवर्षे कुणी हात लावला नाही. मग हरित लवादाने २०१९ मध्ये दंडाची तंबी दिली आणि देशभर वह्यांचा पाऊस पडला. आमच्या गावची वही मी मागून पाहिली. वनस्पतींची नावे आहेत, गावात कुणी उच्चारत नाही अशी. हिरड्याला एक ओळ. ज्या हिरड्यावर पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचे वर्ष निघते, तो कुठल्या उतारावर कमी झाला, का झाला, याचा पत्ता नाही. बिबट्या आहे, 'आढळतो' एवढाच. कुठल्या फडात पिल्ले सापडली, कुठल्या ओढ्याने तो उतरतो, कुठल्या कोंबडीखान्यामागे मेलेल्या कोंबड्यांचा ढीग पडतो, हे गावातल्या पोरासोरांना माहीत आहे, वहीला नाही.

एका बाबतीत मात्र मी गाडगिळांपासून दूर उभा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा मोडीत काढून शिकारीचा अधिकारही स्थानिकांकडे द्यावा, असे ते आग्रहाने मांडत. रानडुकराबद्दल मी आजच सही करीन. बिबट्याबद्दल नाही. ज्या घरातले मूल गेले आहे त्या घरासमोर भरलेल्या सभेत कोणता ठराव होईल हे मला ठाऊक आहे, आणि त्या सभेत मीही हात वर केला असता. अधिकाराआधी माहिती हवी, असे माझे म्हणणे आहे. उलट बाजूने दिवसा वीज द्या ही आमची मागणी इतकी वर्षे रेंगाळते, तेव्हा 'सहजीवना'चे पाठही आम्हाला कुणी देऊ नयेत.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावची वही मी पुन्हा लिहायला मागणार आहे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम तोवर गावी परतलेला असेल, म्हणून त्याच्याकडून या हंगामात कुठल्या फडात पिल्ले दिसली ते आत्ताच लिहून घेतो आहे. वहीच्या छापील नमुन्यात बाहेरगावच्या माणसाच्या माहितीला रकाना नाही. मागच्या कोऱ्या पानावर लिहीन.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, ता. आंबेगाव