रणगाडा वाकडा चालला तरी चालेल!



विज्ञान प्रदर्शन आलं की रिमोटवर चालणारे रणगाडे हमखास येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका चकचकीत रणगाड्याला मी पहिला नंबर दिला. नंतर कळलं, तो बाजारातून आणून वरून फक्त रंगवला होता. त्याच टेबलावर दुसऱ्या एका पोराचा पुठ्ठ्याचा रणगाडा होता. बाटल्यांच्या झाकणांची चाकं, सायकलच्या ट्यूबचे पट्टे. "सर, हा डावीकडेच पळून राह्यला!" तो म्हणाला. मी "पुढच्या वेळी नीट कर" म्हणून पुढे गेलो. पुढच्या वर्षी त्याने काहीच आणलं नाही. चूक माझी होती.

कारण खरा धडा त्या वाकड्या चालण्यातच होता. रणगाड्याची चाकं मोटारीसारखी वळत नाहीत. डावा पट्टा हळू फिरला की गाडी डावीकडे वळते. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवला की जागच्या जागी फिरते. म्हणून मॉडेलमध्ये दोन पट्ट्यांना दोन मोटारी लागतात. एकाच दुकानातल्या दोन मोटारीही अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत, कधी एक पट्टा सैल असतो. हे शोधणं म्हणजेच विज्ञान.

आणि गणित? आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा घ्या. पुण्यात जन्मलेले परमवीर अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यातून लढले. त्याची रुंदी सुमारे ३.३९ मीटर. १:१६ प्रमाणात मॉडेल करायचं तर ३३९ ला १६ ने भागा, सुमारे २१ सेंमी. वहीतला भागाकार मुलं विसरतात, स्वतः कापलेला पुठ्ठा विसरत नाहीत. पट्टा रुंद का, हेही विचारा. आपल्या वलगावच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर फसतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. रुंद पट्ट्यामुळे वजन जास्त जागेवर पसरतं, हे मग लगेच समजतं. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. जमलं तर सहल तिकडे न्या.

पालकांना एक विनंती. कटर आणि सोल्डरिंग तुम्ही हातात घ्या, बाकी मुलाला करू द्या. आधी वायर आणि दोन बटणांवर चालवा, मग रिमोट जोडा. साधे पेन्सिल सेल पुरतात. रात्री तो झोपल्यावर तुम्ही पूर्ण करू नका!

आणि परीक्षक शिक्षकांनो, मी आता एकच नियम पाळतो. मॉडेल चालवून दाखव असं आधी म्हणत नाही. "उघडून दाखव, आणि कुठं अडलं ते सांग," असं म्हणतो. ज्याला सांगता येतं, नंबर त्याचा.

तुम्हीही यंदा करून पाहा.