उत्तर तेच, कष्ट कमी

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात आपण कंपायलरची ओळख करून घेतली. आपण लिहिलेली आज्ञावली संगणकाला कळणाऱ्या आकड्यांच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा तो! पण शब्दाला शब्द ठेवण्यात कसली आली हुशारी? आज भेटू या चतुर दुभाष्याला. हा आधी तुमचं लिखाण नीट वाचतो, त्यातलं फुकटचं काम हेरतो आणि ते गाळून टाकतो. त्याला म्हणतात ऑप्टिमायझिंग कंपायलर.

वही काढा बघू. समजा, गणिताच्या सरांनी १०० गोल डब्यांचं घनफळ काढायला सांगितलंय. त्रिज्या सगळ्यांची ७ सेंमी, उंची मात्र १, २, ३ अशी १०० सेंमीपर्यंत. सूत्र तुम्हाला पाठच आहे : पाय (२२/७ वाला, बुटातला नव्हे!) गुणिले त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले उंची. एका डब्याला ३ गुणाकार, म्हणजे १०० डब्यांना ३००. पण जरा डोकं चालवणारी मुलगी काय करील? पाय आणि दोन त्रिज्यांचा गुणाकार एकदाच करून समासात लिहून ठेवील. तो काही डब्यागणिक बदलत नाही. मग प्रत्येक डब्याला उरला एकच गुणाकार. २ आणि १००, झाले १०२!

एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आज्ञांना लूप म्हणतात. लूपमधलं न बदलणारं काम उचलून बाहेर ठेवायचं, ही चतुर कंपायलरची आवडती युक्ती. शिवाय एकच हिशेब दोन ठिकाणी आला तर तो एकदाच करायचा, ज्याचं उत्तर कुणी वापरतच नाही तो हिशेब खोडायचा, अशाही त्याच्या खोड्या असतात.

ही विद्या बरीच जुनी आहे बरं का. १९५३च्या अखेरीस अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या जॉन बॅकस यांनी सुचवलं, की शास्त्रज्ञांना नेहमीच्या सूत्रांसारखी आज्ञावली लिहू द्या, आकड्यांची भाषा यंत्रच तयार करील. जाणकारांनी नाकं मुरडली. हातानं लिहिलेल्या आज्ञांइतक्या झटपट चालणाऱ्या आज्ञा यंत्राला कशा जमणार? शंका रास्त होती. संगणकाचा वेळ तेव्हा भलताच महाग, आळशी कंपायलर कुणी वापरलाच नसता. म्हणून बॅकस यांच्या चमूनं पहिल्यापासून वेगाचाच ध्यास घेतला. १९५७च्या एप्रिलमध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी त्यांचा फोर्ट्रान कंपायलर बाहेर पडला.

त्यातली एक गंमत ऐका. लूपची मोजणी ठेवायला ७०४ मध्ये अवघे ३ खास कप्पे होते. ते द्यायचे कुणाला? अर्थातच आज्ञावलीच्या ज्या भागात जास्त वर्दळ, त्याला. पण वर्दळ आधी कळणार कशी? नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली लोइस हेब्ट या कामावर होती. तिच्या विभागात कंपायलर जणू फासे टाकून आज्ञावलीतून लुटुपुटुची फेरी मारायचा आणि कुठल्या वाटेनं किती वेळा गेलो ते मोजायचा! अखेरीस कंपायलरनं तयार केलेल्या आज्ञा पाहून त्याचे कर्तेच चक्रावत. हे नक्की चुकलंय, असं वाटे. बारकाईनं तपासलं, की कंपायलरच बरोबर निघे.

आता खरी मेख. काम कमी करताना उत्तर बदललं तर?

फक्त ८ आकडे मावणारा कॅल्क्युलेटर डोळ्यांपुढे आणा. त्यात १,००,००,००० लिहून ०.४ मिळवा. दशांशाला जागाच नाही, तेव्हा एक कोट ते एक कोटच! पुन्हा ०.४, पुन्हा ०.४, तरी तेच. पण आधी तिन्ही ०.४ एकत्र केले तर होतात १.२, आणि एक कोटात ते मिळवले की येतात १,००,००,००१. नुसता क्रम बदलला आणि उत्तर फिरलं! म्हणूनच फोर्ट्रानचा दंडक आहे : गणितात सारखी असेल तर मांडणी खुशाल बदला, पण लिहिणाऱ्यानं घातलेल्या कंसाला धक्का लावायचा नाही. आजच्या कंपायलरांत 'फास्ट मॅथ' नावाची एक मोकळीक असते. ती दिली की हा दंडक सैल होतो आणि वेग वाढू शकतो. मला विचाराल तर, काय गमावतोय ते कळल्याशिवाय ती देऊच नये.

फोर्ट्रान अजून निवृत्त झालेला नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या महासंगणकावर मान्सूनची जी अवाढव्य गणितं चालतात, त्यांतली बरीचशी फोर्ट्रानमध्येच आहेत. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला तर काय उपयोग? आणि वेळेवर आला पण चुकीचा आला, तर शेतकऱ्यानं काय करायचं?

तेव्हा हे कोडं घ्या. डब्यांच्या हिशेबात आपण ३०० वरून १०२ गुणाकारांवर आलो. आता फक्त २ गुणाकारांत सगळं उरकून दाखवा. बेरजा हव्या तितक्या करा. जमलं? मग सांगा, दशांशातल्या आकड्यांवर हीच युक्ती वापरायला कंपायलर का बिचकतो? आपला आठ आकडी कॅल्क्युलेटर आठवा. उत्तरं पुढच्या अंकात.