जुन्या धाटणीची मोटार आणि झाकणाआडचा रेडिओ

१/६ बीएमडब्ल्यूने २००० ते २००३ या काळात ‘झेड८’ ही उघड्या टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्स कार बनवली. तिचे रूप कंपनीच्याच १९५० च्या दशकातील ‘५०७’ या मोटारीवरून घेतलेले. या गाडीच्या बाह्यरेषांची स्तुती पुष्कळ झाली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तिचा अंतर्भाग अधिक बोलका वाटतो.

२/६ आत बसताच नजरेत भरते ते बारीक धातूच्या कांबींचे आरे असलेले स्टीअरिंग. त्याच्या मध्यभागी मात्र एअरबॅग आहे. रेडिओ दिसतच नाही. तो एका झाकणाआड ठेवला आहे. कापडी छत विजेवर मिटते. म्हणजे सुखसोयी साऱ्या आजच्या, फक्त शक्य तेवढ्या नजरेआड.

३/६ वेग दाखविणाऱ्या तबकड्या डॅशबोर्डच्या मध्यभागी आहेत. पाहणाऱ्यास हा ‘५०७’चाच वारसा वाटतो. प्रत्यक्षात ‘५०७’मध्ये त्या चालकाच्या समोर होत्या. मध्यभागी तबकडी असे ती १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’त, म्हणजे काटकसरीसाठी घडवलेल्या छोट्या मोटारीत. येथे भूतकाळ जतन केलेला नाही. तो निवडून, जुळवून रचलेला आहे.

४/६ आणि काय गाळले? आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहातून ‘५०७’ अमेरिकी ग्राहकांसाठी निघाली. किंमत अपेक्षेपेक्षा फार वाढली आणि जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. कंपनीच्या तोट्याचे हे एकमेव कारण नव्हे, पण त्यात तिचा वाटा होता. डिसेंबर १९५९ च्या भागधारकांच्या सभेत बीएमडब्ल्यू डाइम्लर-बेंझच्या हाती जाता जाता राहिली. ‘झेड८’च्या मऊ चामड्यावर त्या वर्षांची धास्ती कुठेच उमटलेली नाही.

५/६ कोणी म्हणेल, मोटार म्हणजे काही इतिहासग्रंथ नव्हे. बसणाऱ्याला आराम मिळाला की झाले. हे मान्य. एअरबॅगविना कोणी प्रवास करावा, असा माझा आग्रह नाही. माझा आक्षेप आरामाला नसून, अशा रचनेला ‘वारसा’ म्हणण्याला आहे.

६/६ आठवणीत रमणे हा गुन्हा नव्हे. पण स्मरणरंजन म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ‘जुन्या धाटणीची’ कोणतीही वस्तू समोर आली, की दोन प्रश्न विचारावेत: यात नवे काय दडवले आहे? आणि जुने काय वगळले आहे? पहिल्याचे उत्तर झाकण उघडताच मिळते. दुसऱ्यासाठी जुनी कागदपत्रेच उघडावी लागतात.