देणगी आणि ताळेबंद

घरांतील वडील माणूस निवर्तलें आणि वर्षश्राद्ध जवळ आलें, म्हणजे पुष्कळ घरांत एक विचार निघतो. शय्यादानापेक्षां त्यांच्या नांवें एखाद्या शाळेस, वसतिगृहास किंवा रुग्णालयास कांहीं रक्कम द्यावी, असें मुलासुनांचें ठरतें. रकमेचा आंकडाही लवकर ठरतो. संस्था कोणती, हें मात्र बहुधा ओळखीवर ठरतें. चिटणीस आपल्याच आळींतले, अध्यक्ष मामांचे स्नेही, शिवाय वार्षिक अहवालाचा कागद गुळगुळीत! येवढ्यावर लाखाची रक्कम हातावेगळी होते. हेंच घर मुलीस स्थळ पाहतांना तीन गांवीं चौकशी करतें, आणि मंडईंत भेंडी घेतांना शेंडा मोडून पाहतें.

हिशेब विचारणें आपल्याकडे उद्धटपणाचें समजतात. दिलेल्या दानाचा उच्चार करूं नये, हा संस्कार चांगला आहे; तो दात्याच्या अहंकारास आळा घालण्यासाठीं आहे. त्याचा अर्थ, दान घेणारानें त्याचें काय केलें हें विचारूं नये, असा कोणीं व केव्हां लावला, कोण जाणे! संस्थेचा पैसा देणाराचा राहिलेला नसतो, हें खरें. पण तो विश्वस्तांचाही झालेला नसतो. तो ज्या मुलांसाठीं वा रोग्यांसाठीं दिला, त्यांचा असतो, आणि तीं बिचारीं हिशेब विचारावयास येत नाहींत.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांतील एक थोर संस्था अशा चौकशींतूनच निघाली. पर्वती संस्थानचा कारभार नीट होत नाहीं, अशी पुणेकरांची तक्रार होती. ती मांडावयाची कोणीं, या प्रश्नांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुण्याची सार्वजनिक सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे ‘सार्वजनिक काका’, हे तिचे प्राण. सभासद होऊं इच्छिणारानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे, असा तिचा नियम होता. आरंभींच्या ९५ सभासदांमागें सुमारें ६,००० लोकांच्या सह्या होत्या. दुसऱ्याच्या कारभाराबद्दल बोलावयाचें, तर ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचें उत्तर आधीं आपल्या खिशांत हवें, हें त्या मंडळींस पुरतें उमगलें होतें. आज किती संस्थांच्या विश्वस्तांस ‘तुम्हांस कोणीं नेमलें?’ असें विचारल्यास असा कागद दाखवितां येईल?

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें उदाहरण याहून कडू आहे. १८८४ सालीं निघालेल्या या संस्थेचे आजीव सभासद अल्प वेतनावर काम करीत. त्यांनीं बाहेर कमाई करावी कीं नाहीं, यावर मतभेद पडला. ज्यानें सर्व वेळ संस्थेस वाहिला, त्याची जादा मिळकतही संस्थेची, असें टिळकांचें म्हणणें; आगरकर व गोखले यांस इतकें कडक बंधन मान्य नव्हतें. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें, तेव्हां वाद विकोपास गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनीं दीर्घ पत्र लिहून राजीनामा दिला. बाजू कोणाची खरी, हें आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. पण एवढीं मोठीं माणसें ‘तुमचा वेळ व तुमची मिळकत कोणाची?’ असें परस्परांस लेखी विचारीत होतीं. आपल्या थोरपणामुळें हा प्रश्न टळतो, असें त्यांनीं मानलें नाहीं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, हकीकत निराळी आहे. सरस्वती भुवन शाळा येथें १९१५ सालीं निघाली, ती निजामी अमलांत. वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू, खासगी शाळांवर सरकारची करडी नजर. अशा वेळीं मराठी शाळा उघडी आहे, हाच वर्गणीदाराच्या दृष्टीनें पुरेसा हिशेब होता. ती निष्ठा त्या काळास शोभली. परंतु तिचीच संवय पुढच्या पिढ्यांस लागली, आणि संस्थेबद्दल शंका काढणें म्हणजे संस्थापकांच्या तसबिरीस हात लावणें, असें आपण मानूं लागलों. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा १९५० चा मुंबईचा कायदा पुढें येथेंही लागू झाला; आतां तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. शहरांत सह धर्मादाय आयुक्तांचें कार्यालय आहे. ठराविक फी भरून तेथें संस्थेच्या नोंदीची नक्कल मिळूं शकते. किती वाचक त्या जिन्यानें चढले असतील?

या कायद्याखालील नियमांत १९ व्या क्रमांकाचा एक नियम आहे, आणि आमच्या मतें दात्यानें संस्थेचा सगळा अहवाल बाजूस ठेवून आधीं हेंच पान मागावें. हिशेबतपासनीसानें कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें दिलींच पाहिजेत, तें त्यांत सांगितलें आहे. जमाखर्च नियमितपणें लिहिला आहे काय? तपासणीच्या दिवशीं हातांतील रोकड व पावत्या वह्यांशीं जुळल्या काय? संस्थेच्या उद्देशाबाहेर कांहीं रक्कम खर्च झाली काय? वर्षाहून अधिक थकलेलीं येणीं किती, आणि बुडीत म्हणून सोडून दिलीं किती? पांच हजारांवरील बांधकामास निविदा मागविल्या काय? विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणें आहे काय, सभा भरतात काय, इतिवृत्त लिहिलें जातें काय? विश्वस्तांपैकीं कोणी संस्थेचा ऋणको वा धनको आहे काय? आणि शेवटीं, गेल्या वर्षीं दाखविलेले दोष यंदा दूर झाले काय?

उत्तरें बहुधा ‘होय’ व ‘नाहीं’ अशा एका शब्दांत असतात. तरीही लागोपाठ तीन वर्षांचीं पानें शेजारीं मांडावीं. एकच दोष तिन्ही वर्षीं त्याच शब्दांत आढळला, तर तपासनीस लिहितो आणि विश्वस्त वाचीत नाहींत, हें सांगावयास तज्ज्ञ नको. घरांतील वाणसामानाची वही ठेवणारी सासूबाई हें अर्ध्या तासांत ओळखील.

ताळेबंदांत पाहण्याची एक जागा खास आमच्या वाचकांसाठीं सांगतों. आपण आजोबांच्या नांवें स्मृतिनिधि ठेवतों, तेव्हां मुद्दल कायम राहावें व व्याजांतून पारितोषिक द्यावें, अशी अट असते. तो निधि ताळेबंदांत त्या नांवें किंवा राखीव निधींच्या यादींत दिसतो काय, आणि समोरच्या बाजूस तेवढीच ठेव बँकेंत आहे काय? नसल्यास मुद्दल इमारतींत किंवा पगारांत विरून गेलें, असें समजावें. (ज्यांच्या वडिलांनीं पूर्वीं ५०० रुपयांचा निधि ठेवला असेल, त्यांनीं आतां त्याच्या व्याजांत एक वही तरी येते काय, हेंही पाहावें, येथें दोष संस्थेचा नसून आपलाच आहे.)

‘कचेरीखर्च शेंकडा पांचच’ अशी प्रौढी मिरविणाऱ्या संस्थेचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं. ज्या संस्थेंत जमाखर्च लिहिण्यास पगारी माणूस नाहीं, तेथें जमाखर्च लिहिला जात नाहीं.

स्थावर मिळकतीचा विषय अधिक जोखमीचा. शहर वाढलें तशी जुन्या संस्थांची जागा सोन्याच्या मोलाची झाली. अशी मिळकत विकण्यास, तसेंच बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीनें भाड्यानें देण्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. रस्त्याकडेच्या गाळ्यांचें भाडें कोण भरतो, किती भरतो व करार केव्हांचा, येवढें विचारलें तरी पुरे.

आणि विश्वस्त. त्यांत बदल झाला कीं ९० दिवसांत तशी नोंद मागावी लागते. ती राहून गेली, म्हणजे दप्तरांत वारलेली मंडळी विश्वस्त राहतात व कचेरींत दुसरीच मंडळी सह्या करतात. मग दोन गट पडतात, दोन सभा भरतात, दोन अर्ज जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० सालीं या शहरांत मिलिंद महाविद्यालय सुरू केलें. मराठवाड्यांतील दलित तरुणांस उच्च शिक्षणाचें दार त्यानें उघडलें. त्याच सोसायटीच्या अध्यक्षपदाचा वाद पुढें धर्मादाय आयुक्तांपुढें आणि न्यायालयांत दीर्घ काळ चालला. संस्थापकांच्या तोलाचा पुरुष ज्या संस्थेस लाभला, तिचीही वारसाच्या प्रश्नांतून सुटका झाली नाहीं. मग इतरांची काय कथा! म्हणून आम्ही म्हणतों, देणगी देण्यापूर्वीं घटनेंतील एकच कलम वाचावयाचें असेल, तर विश्वस्त कसा नेमला जातो व कसा दूर होतो, तें वाचावें. ‘तहहयात’ हा शब्द दिसला आणि पुढें पुत्राचें नांव दिसलें, तर ती खासगी मिळकत सार्वजनिक पाटीखालीं चालली आहे काय, ही शंका घेण्यास हरकत नाहीं.

रुग्णालयांपुरतें एक अधिक. वार्षिक खर्च पांच लाखांवर असलेल्या धर्मादाय रुग्णालयानें शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत व शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीनें राखावयाच्या असतात. गतवर्षीं त्या खाटांवर किती रोगी होते, हा आंकडा रुग्णालयाकडे असतोच. तो सांगतांना कोणी अडखळलें, तर नव्या यंत्रासाठीं मागितलेली देणगी जरा थांबवावी.

रोखीनें २,००० रुपयांहून अधिक दिल्यास आयकराची सवलत मिळत नाहीं, हें बहुतेकांस ठाऊक आहेच. ‘पावती नको, पुण्य पुष्कळ’ म्हणणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

संस्थांचें वर्ष ३१ मार्चला संपतें आणि तपासणी सहा महिन्यांच्या आंत व्हावयाची असते. तेव्हां दिवाळीच्या सुमारास चिटणीसांकडे जाऊन ताळेबंद व तपासनीसाचें तें पान मागावें. ‘अजून तपासनीसांकडेच आहे’ असें उत्तर आल्यास त्यामागील वर्षाचें मागावें. आणि तेंही तेथेंच असल्यास रक्कम तूर्त आपल्याच बँकेंत राहूं द्यावी.