किंमत कोणी मोजली?

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना यंदा एकाच वाक्याशी आमची पुन्हा पुन्हा गाठ पडली. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीच्या संदर्भात अमेरिकेतील औद्योगिकीकरणाचे लाभ आणि त्याची मानवी किंमत यांची चर्चा करा, असा प्रश्न होता. वाक्य होते : ‘अमेरिकेने अभूतपूर्व भौतिक प्रगती साधली, परंतु त्यासाठी तिला मोठी मानवी किंमत मोजावी लागली.’ शब्द थोडेफार इकडेतिकडे, सांगाडा तोच. विद्यार्थ्यांवर रागवावे म्हणून आम्ही आमच्या जुन्या टिपणांच्या वह्या उघडल्या, तर वाक्य तिथेच होते. आमच्याच हस्ताक्षरात. तेव्हा प्रस्तुत लेख आधी आमच्याविरुद्ध आहे आणि मग इतरांविरुद्ध.

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. किंबहुना त्याची सगळी करामत व्याकरणातच आहे. प्रगती ‘साधली’ अमेरिकेने. इथे कर्ता तृतीयेत, ताठ उभा. किंमत मात्र ‘तिला’ मोजावी ‘लागली’. इथे तोच कर्ता चतुर्थीत जाऊन बसतो आणि ‘लागणे’ हे क्रियापद सारा भार नियतीवर टाकून मोकळे होते. पावसात भिजावे लागते, चाळिशीनंतर चष्मा लावावा लागतो, तशी ही किंमत मोजावी लागते. याहून मोठी हातचलाखी अशी की, दोन्ही ठिकाणी कर्ता एकच आहे : अमेरिका. ज्याने मिळवले त्यानेच मोजले, असा हिशेब एकदा जुळला की तक्रारीला जागा उरत नाही. आपल्या पैशाने आपण मंडईतून भाजी आणली, तर त्यात इतरांनी काय बोलायचे?

आमचे म्हणणे एवढेच की, मिळवणारे आणि मोजणारे एक नव्हते.

लाभ नाकारण्याचा प्रश्नच नाही. तो रोमँटिक पवित्रा आपल्याकडील समीक्षेने पुष्कळ मिरवला आहे. धूर ओकणारी चिमणी दिसली की डोळे पाणावायचे आणि संध्याकाळी विजेच्या दिव्याखाली त्यावर लेख लिहायचा. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ३०,००० मैल लोहमार्ग होते. १९०० पर्यंत ते १,९०,००० मैलांच्या पुढे गेले. १८६७ च्या सुमारास टनाला दीडशे डॉलरांहून महाग असलेले पोलादी रूळ १८९० च्या दशकाअखेर तीस डॉलरांच्याही खाली आले. कापड, धान्य, दिवा, प्रवास ही सगळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. युरोपातल्या दुष्काळी खेड्यांतून आणि छळाला कंटाळलेल्या वस्त्यांतून लक्षावधी माणसे तिकडे गेली ती काही वेडी नव्हती. हे सारे खरे आहे आणि थोडक्यात सांगूनही खरेच राहते.

पण होमस्टेडकडे पाहावे. पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीच्या काठी अँड्र्यू कार्नेगीचा पोलाद कारखाना होता. १८९२ मध्ये व्यवस्थापक हेन्री फ्रिक याने मजुरीत कपात पुढे केली, कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याला कुंपण घातले, आणि ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन संस्थेचे सुमारे ३०० हत्यारबंद लोक नदीतून तराफ्यांवर आणवले. दिवसभर गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसे मेली. नंतर राज्याचे आठ हजारांहून अधिक सैनिक आले आणि कामगारांची संघटना मोडली. मालक त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते. त्यानंतरच्या काळात बारा तासांची पाळी हाच पोलादधंद्याचा नियम ठरला. दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल होई त्या वेळी, म्हणजे दर पंधरवड्याला एकदा, माणूस सलग चोवीस तास भट्टीसमोर उभा असे.

आणि १८९८ मध्ये, गोळीबारानंतर सहा वर्षांनी, त्याच कारखान्याच्या वरच्या उतारावर कार्नेगीने ग्रंथालय बांधून दिले. देखणी इमारत, संगीतासाठी सभागृह, पोहण्याचा तलावसुद्धा. ग्रंथालय म्हटले की आम्हा मास्तर मंडळींचा आवाज मऊ होतो, हे आम्ही कबूल करतो. कार्नेगीने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला आणि त्यांतून पिढ्यान्पिढ्या शिकल्या. त्याचे मोल कोण कमी करील? परंतु बारा तास भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस कोणत्या वेळी त्या पायऱ्या चढून ‘पुस्तक द्या’ म्हणणार होता? १८८९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात कार्नेगीने याचे तत्त्वज्ञानही मांडून ठेवले होते : संपत्ती चिल्लर रकमांत लोकांच्या हाती गेली तर वाया जाते, ती एका शहाण्या हातात साठून लोकोपयोगी संस्थांच्या रूपाने परतली तर समाजाचे अधिक भले होते. म्हणजे मजुरी ही उधळपट्टी आणि देणगी हा विवेक! मजुरीवर माणसाचा हक्क असतो, देणगीबद्दल त्याने आभार मानायचे असतात. आमच्या त्या वाक्यात ‘लाभ’ नावाची जी रास आहे, तिच्यात हे ग्रंथालय जमा आहे. ते कोणाच्या खिशातून आले, हे वाक्य सांगत नाही.

‘मानवी किंमत’ हा शब्दप्रयोग अलंकारिक आहे, असे कोणी म्हणेल. पिट्सबर्गमध्ये तो शब्दशः खरा होता. क्रिस्टल ईस्टमन या कायदा शिकलेल्या तरुणीने ॲलेगनी परगण्यातील एका वर्षाची, जुलै १९०६ ते जून १९०७ ची, कामावरच्या मृत्यूंची प्रकरणे एकेक करून तपासली. मृत्यू ५२६. हे कोणत्या युद्धाचे किंवा साथीचे वर्ष नव्हते, नेहमीचे वर्ष होते. मृत विवाहित कामगारांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकाकडून १०० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते. काहींना काहीच नाही. कायद्याची भूमिका अशी की, काम पत्करले तेव्हाच कामगाराने धोकाही पत्करला. सहकाऱ्याची चूक असेल तर मालक जबाबदार नाही. आणि स्वतःची थोडीशीही चूक असेल तर प्रश्नच मिटला. इथे आम्हाला आमचे वाक्य पुन्हा आठवते. ‘मोजावी लागली’ हे आमच्या निबंधातले क्रियापद त्या न्यायालयांत कायद्याचे तत्त्व होऊन बसले होते.

न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये धोक्याच्या धंद्यांसाठी सक्तीच्या भरपाईचा कायदा केला. राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने तो २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरवला. कारण त्याने मालकाची मालमत्ता हिरावली जात होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुटीची वेळ होत आली असताना, न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावरचा कारखाना. कामाला बहुतांश ज्यू आणि इटालियन मुली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद. मुली चोरी करतात, असा संशय असे. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. १४६ जण मेले, त्यांत १२३ स्त्रिया. दरवाजा त्या क्षणी बंद असल्याचे मालकांना ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले. विम्यातून त्यांना सिद्ध झालेल्या नुकसानीपेक्षा सुमारे ६०,००० डॉलर जास्त मिळाले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांची तडजोड झाली ती जिवामागे ७५ डॉलरांवर. इथे किंमत कोणी मोजली आणि कोणाला मिळाली, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

यावर हमखास येणारा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे : ‘त्या मुली स्वखुशीने आल्या होत्या, मायदेशी त्यांचे हाल याहून वाईट झाले असते.’ झाले असते, मान्य. पण अमेरिकेला येण्याची संमती म्हणजे कुलपाला दिलेली संमती नव्हे. यातल्याच अनेकींनी १९०९ च्या हिवाळ्यात, सुमारे २०,००० शिवणकामगारांच्या संपात, रस्त्यावर उभे राहून मार खाल्ला होता. म्हणजे त्यांनी स्पष्ट शब्दांत नकार नोंदवला होता. आमच्या वाक्यात त्या नकाराला जागा नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक कावेबाज आहे : ‘पुढे सगळे सुधारलेच ना?’ सुधारले, पण ते यंत्रांनी सुधारले नाही. आग लागलेली पाहणाऱ्या गर्दीत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. न्यूयॉर्कमध्ये चौकशी आयोग बसला, कारखान्यांचे कायदे बदलले. १९३३ मध्ये पर्किन्स देशाच्या कामगारमंत्री झाल्या आणि १९३८ मध्ये किमान वेतनाचा आणि बालमजुरीला आळा घालणारा केंद्रीय कायदा आला. पोलादातील १९१९ चा प्रचंड संप फसला, तरी लोकमताच्या रेट्याने १९२३ मध्ये बारा तासांची पाळी मोडली. ज्या लाभांचा आपण औद्योगिकीकरणाच्या खात्यावर जमा दाखवून गौरव करतो, त्यांतले कित्येक त्याच्या चालकांच्या इच्छेविरुद्ध ओढून काढलेले आहेत.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपल्याला अधिक टोचायला हवे ते ‘द जंगल’चे भवितव्य. १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत सिंक्लेअर शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या स्थलांतरित कामगारांची दैना दाखवू पाहत होते. देश हादरला, त्याच वर्षी कायदेही झाले. पण ते मांसाच्या तपासणीचे आणि अन्नाच्या शुद्धतेचे. वाचकाला आपल्या ताटाची काळजी वाटली, ताट भरणाऱ्या हातांची नाही. आमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांतही कादंबरीतल्या घाणीची वर्णने पानभर होती आणि नायक युर्गिस याचे नाव मोजक्याच मुलांनी लिहिले होते.

हिशेब मांडायचाच तर तो आणखी मागे न्यावा लागेल. मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली राबत होत्या, १८३४ आणि १८३६ मध्ये त्यांनी संपही केले; पण त्यांच्या मागावरचा कापूस दक्षिणेतले गुलाम वेचत होते, आणि तिथलेच जाडेभरडे कापड पुन्हा गुलामांच्या अंगावर जात होते. ‘अमेरिकेने किंमत मोजली’ म्हणताना हे गुलाम त्या ‘अमेरिके’त धरायचे का? त्या काळी कायदाच त्यांना माणूस म्हणून पुरते धरत नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिका नामक देशाला नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. कर्ता कोण, हे त्यांना नेमके कळत होते. त्यासाठी त्यांना आमच्यासारखी मराठीची एम. ए. पदवी घ्यावी लागली नव्हती.

असो. पुढच्या सत्रात आम्ही प्रश्न बदलला आहे. औद्योगिकीकरणाच्या लाभहानीविषयी दहा वाक्ये लिहा. एकाही वाक्यात ‘अमेरिका’, ‘समाज’ किंवा ‘प्रगती’ हा कर्ता नको आणि ‘लागणे’ हे क्रियापद नको. पहिल्या सरावाला वर्गातल्या निम्म्या मुलांना चार वाक्यांच्या पुढे जाता आले नाही. आम्ही दोघांनीही घरी लिहून पाहिले. सातव्या वाक्याशी अडलो.