ताट आपलं, भूक मुलांची

‘आमचं पोरगं काहीच खात नाही हो!’ अशी तक्रार ज्या घरात ऐकू येते, तिथलं जेवणाचं चित्र बहुधा ठरलेलं असतं. मोबाइलवर कार्टून, आईच्या नाहीतर आजीच्या हातात वरणभाताची वाटी. मुलाचे डोळे पडद्यावर, तोंड उघडलं की घास आत. वाटी रिकामी झाली की ‘जेवला एकदाचा’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मुलानं काय खाल्लं, त्याची चव कशी होती, पोट कधी भरलं, यातलं काहीही त्याला कळलेलं नसतं. भरवण्याच्या या पद्धतीमागे माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण ही पद्धत चुकीची आहे, आणि तिच्या बाजूनं दिली जाणारी कारणं तपासली तर एकही टिकत नाही.

पहिलं कारण : मागे लागलं नाही तर मूल उपाशी राहील. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षभरात साधारण नऊ किलोचं होतं. दुसऱ्या वाढदिवसानंतर मात्र ते वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूक उतरणारच. नेमक्या याच वयात आई-आजी धास्तावतात आणि वाटी घेऊन मागे धावू लागतात. भर म्हणून चारला साखर घातलेलं दूध, त्यात बुडवून बिस्किटं, सहाला ‘रडत होता म्हणून’ वेफर्स. मग आठला त्यानं भाजी-भाकरीकडे पाठ फिरवली तर ते मूल हट्टी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे.

दुसरं कारण घरातली मोठी माणसं देतात : ‘आम्हाला धपाटे घालून खायला घातलं, आमचं काय बिघडलं?’ त्या घरांतली मुलं खात होती हे खरं. पण श्रेय धपाट्यांना देऊ नका. पंगतीत पाच-सहा मुलं एकदम बसत, मोठी माणसं तेच खात, अधेमधे खायला पुडे नसत, आणि पानात वाढलेलं नको म्हटलं तर दुसरं काही शिजत नसे. मुलं भूक घेऊन बसत आणि शेजारच्याचं बघून खात. धपाट्यांनी काय साधलं हे बघायचं असेल तर आज पन्नाशीत असूनही पडवळ किंवा दुधी पानात आला की तोंड वाकडं करणारी माणसं आठवा.

सक्तीचा परिणाम तपासूनही पाहिला गेलेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन सूप दिली. एका सूपच्या वेळी ‘संपव, संपव’ असा धोशा लावला, दुसऱ्याच्या वेळी काही बोलले नाहीत. धोशा लावलेलं सूप मुलांनी कमी प्यायलं आणि त्याबद्दल नापसंतीही जास्त बोलून दाखवली.

लालूच तर सक्तीपेक्षाही फसवी. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हे वाक्य इतकं प्रेमळ वाटतं की त्यात काही वावगं असेल असं मनातही येत नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या बाजूनं ते ऐका. भाजी खायची मजुरी मिळते, म्हणजे भाजी हे कष्टाचं काम. चॉकलेट शेवटी, बक्षीस म्हणून येतं, म्हणजे खरी मौल्यवान वस्तू ती. आई रोज दोन्ही वेळेला हाच धडा गिरवून घेते आणि सहा महिन्यांनी विचारते, ‘याला भाजी का आवडत नाही?’ बाल-आहाराच्या अभ्यासक लिअन बर्च यांनी 1980च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं तर त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी घटते. त्या दिवशी चार घास पोटात जातात, आवड मात्र कायमची जाते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातली पाच वर्षांखालची 35 टक्क्यांहून अधिक मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. अशा देशात ‘नको असेल तर राहू द्या’ म्हणणं बेजबाबदार नाही का? हे आकडे भयंकरच आहेत. पण मुलाच्या तोंडात तेवढाच वरणभात आणखी कोंबून ते बदलत नाहीत. कमतरता डाळ, अंडी, हिरव्या भाज्या, फळं ताटात येण्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली वरच्या आहाराबद्दल दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखून खायला द्यावं, असंच सांगितलं आहे. मूल सुकत असेल, वजन थांबलं किंवा उतरलं असेल, तर अर्थातच आधी डॉक्टर गाठावा.

मग मुलांना हवं ते खाऊ द्यायचं का? मुळीच नाही. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते : काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. यातला पहिला भाग पाळायला खरा कणखरपणा लागतो. डब्यावर धष्टपुष्ट मुलाचं चित्र आहे म्हणून साखरेची पावडर पौष्टिक होत नाही. अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका, असं केंद्र सरकारला 2024 साली ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं. ती घरात आणायची की नाही, हा निर्णय मुलाचा नाही.

आणि दुसरा भाग पाळायला धीर लागतो. नवी चव जिभेवर रुळायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते. शेपू पहिल्यांदा थुंकला म्हणून ‘याला शेपू आवडत नाही’ असा शिक्का मारू नका. पुढच्या आठवड्यात मूगडाळ घालून केलेली तीच भाजी चमचाभर पानात वाढा, आपण चवीनं खा, आणि बोलू नका. मटकी भिजवून फडक्यात बांधायचं काम मुलाकडे द्या. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडल्यावर पांढरे मोड आलेले पाहून ते हमखास दोन दाणे तोंडात टाकतं. मटार सोलायला बसवा, निम्मे दाणे परातीत पडतील, निम्मे पोटात. भाकरी थापताना एक लहान गोळा त्याला द्या. वाकडीतिकडी का होईना, स्वतः थापलेली भाकरी लोण्याबरोबर खाताना त्याला आग्रह करावा लागत नाही.

तेव्हा आजी-आजोबांना आणि आई-बाबांना माझी कळकळीची विनंती आहे. आज रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मुलाला आपल्याबरोबर पानावर बसवा, घरातलं साधं जेवण थोडं थोडं वाढा. ‘पोट भरलं’ म्हणून ते उठलं, तर उठू द्या.