पाणी उतरू लागलं की

डिसेंबरात आमच्या घराला मोठा भाव येतो. नागपूरहून, भंडाऱ्याहून, कधी थेट पुण्याहून फोन येतात. नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. "तलावावर पक्षी आलेत ना? मग येतोच आम्ही." दुर्बिणी येतात, हातभर लांब भिंगांचे कॅमेरे येतात, आणि पहाटे थर्मास भरभरून चहा करून द्यावा लागतो. पाळीला लागून घर असण्याचं सगळं पुण्य त्या दोन महिन्यांत वसूल होतं. फेब्रुवारी सरता सरता फोन विरळ होतात, होळीनंतर बंदच. "आता काय, पाणी आटलं असेल, ऊन तापलं असेल," असं परस्पर ठरवून मंडळी चिखलदऱ्याची चौकशी करू लागतात. मी कुणाची समजूत काढायला जात नाही. आमच्याकडे वसंत येतो तो पाहुणे गेल्यावर, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंच आहे.

पाणी आटतं हे मात्र खरं. आमचा तलाव म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत, आणि लहान बोड्या धरल्या तर विचारायलाच नको. त्यांतला थोरला नवेगावबांध. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्यांना पुढे देवपण मिळालं, आणि भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, कारण बांध पुरा करायला या बहिणींनी हात लावला अशी श्रद्धा आहे. आमचा तलाव नवेगावबांधपुढे बोडीच. पण बांधणीची अक्कल तीच: एका अंगाला मातीची पाळ घालायची आणि बाकीच्या तीन अंगांना जमीन जशी उतरती असेल तशी सोडून द्यायची. पावसाळ्यात पाणी त्या उतारावर चढत चढत पार मोहाच्या झाडांपर्यंत जातं. दसऱ्याच्या आसपास धानाला पाणी सुटलं की ते उतरू लागतं. पुढे उन्हाळी धान थोडं घेतो, सूर्य थोडं घेतो, जनावरं आपला वाटा घेतात. शिमग्यापर्यंत पाणी आणि मोह यांच्यामध्ये एक रुंद, ओला, रिकामा पट्टा उघडा पडलेला असतो.

आमचा वसंत त्या पट्ट्यावर येतो.

तळ्याकाठचा वसंत म्हटलं की भरलेलं पाणी आणि वर तरंगणारी कमळं, असं चित्र काढायची आपल्याला शाळेपासून सवय. इथे कमळांचे देठ चिखलात आडवे पडलेले असतात. पण त्या चिखलाकडे नीट पाहा. पाण्याला लागून काळा, पाय घोट्यापर्यंत रुतेल असा गाळ. त्याच्या वर भेगा पडू लागलेला, आणि प्रत्येक भेगेतून हिरवा कोंब. त्याच्याही वर गुडघ्यापर्यंत पोचलेलं गवत, त्यात म्हशी. दर आठवड्याला हे सगळे पट्टे पाण्यामागे खाली सरकतात. आज जिथे बगळा उभा आहे तिथे पंधरवड्याने गाय उभी असते. वासही बदलत जातो. खाली शेवाळाचा आणि मासळीचा, वर वाळल्या गवताचा, आणि मध्ये कुठेतरी, सकाळी सातच्या आत गेलात तर, नुकत्याच भिजवलेल्या मातीच्या भांड्याचा.

बदकं तोवर निघालेली असतात. पट्टकादंब आधी जातात. त्यांना हिमालय ओलांडून तिबेटकडे पोचायचं असतं, उशीर परवडत नाही. तलवार बदकं रेंगाळतात, मग एका सकाळी तीही नसतात. आमच्या कॅमेरेवाल्या पाहुण्यांच्या दृष्टीने इथे हंगाम संपला. पण नेमकं तेव्हाच चिखलात खाणं उघडं पडतं आणि लांबच्या प्रवासाला निघालेले तुतवार चार दिवस पोट भरायला उतरतात. धोबी तर बघण्यासारखा. हिवाळाभर मळकट फिरलेला पिवळा धोबी मार्चमध्ये अंग बदलतो आणि एप्रिलमध्ये हळदीच्या अंगाने परत उत्तरेला निघतो. अडई, वारकरी, टिबुकली ही घरची मंडळी. ती कुठे जात नाहीत. ढोकरीच्या पाठीवर गडद तांबूस पिसं येऊ लागतात. टिटवी उघड्या जमिनीवर चार खडे इकडेतिकडे करून अंडी घालते आणि मग दिवसरात्र सगळ्या गावाला दटावत बसते. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडे मानतात. यंदा कुठे घातली यावर पारावर खल होतो. हवामान खात्याचा अंदाज त्यानंतर येतो.

पाळीवर मात्र वेगळाच कारभार. पळस फेब्रुवारीतच पेटतो, त्याचं कौतुक सगळेच करतात, म्हणून मी करत नाही. एवढंच सांगते की त्यावर मैना, बुलबुल, शिंजीर आणि खारी यांची दिवसभर जी भांडणं चालतात ती फुलांपेक्षा रंगतदार असतात. माझा जीव पिंपळावर. त्याची पालवी आधी तांबूस, मग तपकिरी, मग पोपटी होते, आणि एकाच झाडावर हे तिन्ही रंग एकाच दुपारी दिसतात. सांडव्याजवळच्या कुसुमाची पानं इतकी लाल निघतात की नवखा माणूस त्यांना फुलंच समजतो. तांबट कुठूनतरी ठोके देत असतो. तो दिसत नाही. त्याला शोधण्यात माझी अर्धी दुपार जाते आणि भाजी करपते.

मग मोह. मोह फुलतो रात्री आणि गळतो पहाटे. झाडावर पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे फुलं पडताना वाटेत काही अडत नाही. टप्, टप्. दव पडल्यासारखा अगदी बारीक आवाज. फुलं मलईच्या रंगाची, रसाने फुगलेली. ती दिवसभर गळत नाहीत. ऊन चढलं की बंद, म्हणून वेचणाऱ्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन येतात. प्रत्येक झाड कुणाचं ते ठरलेलं असतं. कागदावर नाही, गावाच्या डोक्यात. वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तोच विस्तव जंगलात शिरतो. गावात यावरून दरवर्षी बाचाबाची होते. आमच्या कुंपणाला लागून असलेल्या मोहाखाली येणाऱ्या मावशींनी त्यावर तोडगा काढला आहे. त्या जुन्या साड्या जोडून खाली अंथरतात. "जाळायचा कशाला काकू? पातळ हाय ना." परवा त्यांनी ओंजळभर फुलं दारात ठेवली. ती धुऊन, वाटून, कणकेत मळली आणि पुऱ्या तळल्या. साखर लागलीच नाही. यजमानांनी एक पुरी खाऊन विचारलं, "यात ते दुसरं काही नाही ना?" चाळीस वर्षं नागपुरात बँकेत काढलेल्या माणसाच्या मोहाविषयी एवढ्याच कल्पना असतात.

वेचणाऱ्या बायांना सगळ्यात धाक अस्वलाचा. त्यालाही मोह लागतो आणि त्यालाही पहाटेचीच वेळ बरी वाटते. त्यामुळे त्या एकट्यादुकट्या येत नाहीत, आणि येताना मोठमोठ्याने बोलत येतात. पहाटे साडेचारला सुनांच्या तक्रारी ऐकत जागं व्हायला मला तरी आवडतं.

हे सगळं त्या उतारामुळे. काठ उतरता आहे म्हणून पट्टा उघडा पडतो, म्हणून गवत येतं, तुतवार उतरतात, टिटवीला जागा मिळते, गाईला पाण्यापर्यंत जाता येतं. नागपुरात फुटाळा तलावाच्या चौपाटीवर कठड्याला टेकून कणीस खायला मलाही आवडतं, पण तिथे पाणी थेट दगडाला भिडतं. पाणी उतरलं की ओली भिंत दिसते, बस. ऋतू बदलायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

हे आता बोलायचं कारण म्हणजे आमच्याही तलावाच्या सुशोभीकरणाचा नकाशा आला आहे. तिन्ही बाजूंना दगडी भिंत, भिंतीवर चालायचा रस्ता, रस्त्यावर दिवे, मध्ये कारंजं. उन्हाळ्यात कारंज्याला पाणी कुठून आणणार, हे नकाशात नाही. गोंड राजांच्या काळात ज्याने तलाव बांधला त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळत असे. पाणी टिकलं तर घर चालणार, म्हणून तो पाळही राखत असे आणि गाळही काढत असे. पुढे १९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी गावची जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती, वेठबिगारीची कौतुकं मला सांगू नका. पण तिच्याबरोबर तलावाकडे रोज बघणारा माणूसही गेला. मालकी सरकारकडे, निस्तार म्हणजे वापराचा हक्क गावाकडे, गाळ कुणाकडेच नाही. मग गाळात बेशरम माजली. तिला नाव अगदी बरोबर दिलं आहे, उपटली तरी पुन्हा उभी. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गावकऱ्यांना आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना घेऊन काही तलावांतली बेशरम काढली आणि तिच्या जागी इथल्याच पाणवनस्पती लावल्या, देवधानासकट. त्याला भिंत लागली नाही. माणसं लागली, आणि चिखलात उतरायची तयारी.

परवाच्या ग्रामसभेत मी हे बोलले. तरुण मंडळींना दिवे हवे आहेत, आणि त्यांचंही चूक नाही. अंधारात पाळीवरून येताना साप पायाखाली येतो. मी म्हटलं, दिवे पाळीवर लावा, पाळ उंचच आहे. भिंत मात्र नको. एक ढिवर काकाजी मागे बसले होते. ते म्हणाले, भिंत घातली तर डोंगा ओढायचा कुठून? यावर नकाशावाले साहेब बराच वेळ कागद उलटेसुलटे करत होते. दोन तास झाले, ठरलं काही नाही, पुढची तारीख पडली. एकाच गोष्टीवर सगळ्यांचे हात वर गेले, ती म्हणजे गाळ. २०१७ साली सुरू झालेली सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. पाणी आणखी खाली गेलं की एप्रिलच्या शेवटी तलावात मशीन उतरेल आणि ज्याला हवा त्याने गाळ शेतात न्यायचा, वाहतूक ज्याची त्याने बघायची. मी परसबागेसाठी दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत. शेजारच्या भाऊजींनी सहा सांगितल्या. त्यांची बाग माझ्या निम्मीही नाही, पण सरपंच त्यांचे साडू आहेत. तेव्हा ट्रॅक्टर आला की आधी तुतारी माझ्या दारात वाजावी म्हणून चालकाला मोहाच्या पुऱ्या पोचवल्या आहेत.